दिसणे आणि ऐकले जाणे : ठाणे-कल्याणच्या परिसरातून दिसणारा क्वीअर इतिहास

१/
मुंबईहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल कल्याण सोडते, शहाड आणि आंबिवली मागे टाकते आणि टिटवाळ्याला येते. काळू नदीकाठचे हे गाव आज कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत आहे. महाराष्ट्राला ते ठाऊक आहे महागणपतीसाठी. या गणपतीला भाविक ‘विवाहविनायक’ म्हणतात. मनाजोगते लग्न जुळावे, तुटलेला संसार सांधला जावा, म्हणून इथे नवस बोलले जातात.

२/
आख्यायिका अशी की, कण्वमुनींचा आश्रम याच परिसरात होता. दुष्यंताला शकुंतलेचा विसर पडला तेव्हा कण्वांनी तिला गणेशाची आराधना करायला सांगितले आणि तिचा संसार पुन्हा जुळला. आख्यायिकेकडे पुरावा मागू नये. पण हिच्या गाभ्याशी एक नेमके दुःख आहे. शकुंतला राजसभेत उभी आहे, सारी सभा तिला पाहते आहे, आणि ज्याने ओळखायचे तोच ओळखत नाही.

३/
समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी, हिजडा, जोगता अशा अनेक नावांनी वावरणाऱ्या, आणि अलीकडे ‘क्वीअर’ या एका शब्दाखाली एकत्र आलेल्या माणसांचा महाराष्ट्रातला इतिहास बहुधा ‘अदृश्यांचा इतिहास’ म्हणून सांगितला जातो. ते अर्धेच खरे आहे. यांतली बरीच माणसे शतकानुशतके सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. त्यांचे म्हणणे मात्र कुणी विचारले नव्हते. एकत्र जमण्याची आणि आपली गोष्ट सांगण्याची साधने त्यांनी कशी घडवली, त्यांतली कोणती उपयोगी पडली आणि कुठे अडली, याचा हा धागा.

४/
सुरुवात कल्याणच्या दक्षिणेला उभ्या असलेल्या मलंगगडापासून. गडावर हाजी मलंग यांचा दर्गा आहे आणि माघी पौर्णिमेच्या सुमारास तिथे उरूस भरतो. दर्ग्याची वंशपरंपरागत वहिवाट कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे आहे. उरुसाला दूरदूरच्या हिजड्यांचे जथे गुरू-चेल्यांसह येतात. वर्षभर विखुरलेली घराणी भेटतात, नाती नव्याने बांधली जातात, तंटे निघतात आणि मिटतात. वर्तमानपत्रांत मलंगगड येतो तो बहुतेक वेळा त्याच्या नावाच्या आणि मालकीच्या वादामुळे. तिथे दरवर्षी जमणाऱ्या या मेळाव्याकडे बातमीदारांचे लक्ष क्वचितच जाते.

५/
आजच्या भाषेत ज्याला ‘समुदायाचा कार्यक्रम’ म्हणतात, त्याचे सगळे घटक या उरुसात आहेत : ठरलेली तिथी, ठरलेली जागा, प्रवासाचे निमित्त, आणि घरच्यांना सांगता येईल असे कारण. शेवटचा घटक क्षुल्लक वाटेल. पण पुढच्या साऱ्या कहाणीत तो पुन:पुन्हा भेटतो.

६/
मराठी मुलखात हिजड्यांचे स्थान केवळ भीक आणि टाळी एवढेच नव्हते. मराठा राज्यकर्त्यांनी त्यांतील काहींना सनदा दिल्या होत्या. ठरावीक गावांतून थोडे धान्य आणि पैसा गोळा करण्याचा हक्क त्यात असे आणि तो गुरूकडून चेल्याकडे जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इनामांची आणि वतनांची छाननी करताना कंपनी सरकारने हे हक्क मोडीत काढले. म्हणजे एके काळी कागदावर, मोहरेनिशी ओळख होती. ती गेली आणि भिकेचा हात तेवढा उरला. पाठोपाठ भारतीय दंडसंहिता आली. ती १८६२ पासून लागू झाली आणि तिच्यातले ३७७ वे कलम पुढची दीडशेहून अधिक वर्षे टिकले.

७/
दुसरीकडे तमाशाचा फड होता. गण-गवळणीत, वगात बायकी हावभाव करणारा नाच्या हे मराठी रंगभूमीवरचे अतिशय लोकप्रिय पात्र. प्रेक्षक त्याला टाळ्या देत. गावात मात्र तोच शब्द शिवी म्हणून वापरत. ही भूमिका चित्रपटांत अजरामर करणारे गणपत पाटील हे संसारी गृहस्थ. तरी नाच्याचा शिक्का त्यांच्यावर पडद्याबाहेरही बसला आणि त्याचा मनस्ताप त्यांनी व त्यांच्या कुटुंबाने आयुष्यभर सोसला. नटाची ही गत, तर जो खरोखरच तसा होता त्याची काय असेल? मंचावर दिसण्याला मुभा होती. उतरल्यावर बोलण्याला नव्हती.

८/
बोलण्याची पहिली आधुनिक जागा निर्माण झाली ती एका मासिकात. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांची नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली जात. प्रश्न टपालाने येत. विचारणाऱ्याला कुणाच्या समोर उभे राहावे लागत नसे.

९/
१९३४ साली याच उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. वादग्रस्त प्रश्नांत हस्तमैथुनाविषयीचे होते आणि समलिंगी आकर्षणाविषयीचेही. कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. असल्या विकृत प्रश्नांना उत्तरे द्यायचीच कशाला, असा न्यायाधीशांचा रोख होता. त्यावर आंबेडकरांच्या युक्तिवादाचा आशय असा : विकृती असेल तर ती जाणार ज्ञानानेच, आणि उत्तर नाकारून ज्ञान मिळत नाही. समलिंगी वृत्तीविषयी त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाच्या संशोधनाचा आधार घेतला. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

१०/
या खटल्याकडे पुरोगामी वकिलीचा एक दाखला म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेल्या प्रश्नकर्त्यांकडे फारसे कुणी पाहत नाही. १९३० च्या दशकात कुणीतरी पोस्टकार्ड किंवा पाकीट घेतले, आपल्याविषयीची सर्वांत अवघड गोष्ट लिहिली आणि गिरगावच्या पत्त्यावर धाडली. त्याला मोर्चा नको होता, झेंडा नको होता. उत्तर हवे होते. आणि ते उत्तर छापून आल्यावर, जो प्रश्न विचारण्याचे धाडस करू शकला नव्हता अशा दुसऱ्या वाचकानेही ते वाचले असणार.

११/
पुढची काही दशके मराठीत हा विषय आला तो दुसऱ्याच्या तोंडून. विजय तेंडुलकरांनी ‘मित्रा’ ही कथा लिहिली आणि तिच्यावरून ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक. १९८१ च्या ऑगस्टमध्ये ठाण्याच्या गडकरी रंगायतनात ते रंगमंचावर आले. दिग्दर्शन विनय आपटे यांचे, सुमित्रा ऊर्फ मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. स्वातंत्र्यापूर्वीच्या काळातले महाविद्यालय, एका मुलीवर प्रेम करणारी मुलगी, आणि तिची गोष्ट सांगणारा तिचा मित्र बापू. ठाण्यातल्या मध्यमवर्गीय प्रेक्षकांसमोर, व्यावसायिक नाट्यगृहात हे घडले, याचे महत्त्व कमी लेखू नये.

१२/
तरीही नाटकाची रचना बोलकी आहे. गोष्ट मित्राची, सांगणारा बापू. ती शेवटी जीव देते आणि कथन त्याच्या हाती उरते. पुढच्याच वर्षी आलेल्या जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’मध्ये महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांचे नाते येते, तेही संस्थेपुढची एक अडचण म्हणून. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ या कादंबरीने जोगत्याचे आयुष्य आतून उलगडून दाखवले. लेखकांची सहानुभूती खरी होती. मात्र स्वतःच्या तोंडाने ‘मी’ म्हणणारा माणूस अजून यायचा होता.

१३/
तो १९८६ साली आला. पत्रकार अशोक राव कवी यांनी ‘सॅव्ही’ या इंग्रजी मासिकाला मुलाखत देऊन आपण समलिंगी असल्याचे नावानिशी सांगितले. १९९० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. सुरुवातीला ते खाकी कागदात गुंडाळून हातोहात विकले जाई. त्यात लेख असत, आरोग्याची माहिती असे, हिंदीतला मजकूर असे. पण सर्वांत जिवंत भाग होता वाचकांच्या पत्रव्यवहाराचा, ‘खुश खत’ या सदराचा.

१४/
‘समाजस्वास्थ्य’ आणि ‘बॉम्बे दोस्त’ यांच्यात अर्धशतकाहून अधिक अंतर; युक्ती तीच : टपाल. फरक एवढाच की कर्व्यांकडे प्रश्न जात आणि उत्तर परत येई; इथे एका वाचकाचे पत्र दुसऱ्या वाचकापर्यंत पोहोचू लागले. सल्लागार आणि सल्ला मागणारा ही जोडी मोडली. समदुःखी माणसे एकमेकांना सापडू लागली आणि समुदाय म्हणावा असे काही त्यातून उभे राहिले.

१५/
१९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ची स्थापना झाली. अशोक राव कवी, सुहेल अब्बासी आणि श्रीधर रंगायन हे संस्थापक. मुंबई महापालिकेने सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यातल्या आपल्या इमारतीत संस्थेला जागा दिली. कलम ३७७ कायम असताना ज्यांच्या वागण्याला कायदा गुन्हा म्हणतो त्यांना पालिकेचीच खोली मिळावी, ही विसंगती मुंबईच्या प्रशासनाला शोभणारीच होती. तिथल्या शुक्रवारच्या बैठका शहरभर माहीत झाल्या. वार ठरलेला, जागा ठरलेली. यायचे, बसायचे, वाटले तर बोलायचे. नाव सांगायलाच हवे, असे नाही.

१६/
हे कशामुळे शक्य झाले? एड्समुळे. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचा शिरकाव उघड झाला आणि नव्वदीच्या दशकात प्रतिबंधासाठी सरकारी व परदेशी निधी येऊ लागला. समलिंगी पुरुष आणि हिजडे यांच्यापर्यंत पोहोचणारे हात सरकारपाशी नव्हते. या संस्थांपाशी होते. त्यामुळे खोली, भाडे, समुपदेशक, रक्ततपासणी हे सारे एका योजनेत बसले. आणि गंमत अशी की, ‘तपासणीला चाललोय’ हे घरच्यांना नाही तरी स्वतःला सांगण्याजोगे कारण होते. मलंगगडाच्या उरुसासारखेच.

१७/
याची दुसरी बाजू कडू आहे. पैसा रोगाच्या वाटेने आला, म्हणून तो पुरुषांकडे आणि हिजड्यांकडे गेला. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया कोणत्याही ‘लक्ष्यगटात’ बसत नव्हत्या. त्यांचा ‘स्त्री संगम’ हा गट १९९५ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे ‘लाबिया’ या नावाने ओळखला गेला; तो चालला निधीविना, घराघरांत जमून. ‘स्क्रिप्ट्स’ हे त्यांचे अनियतकालिक म्हणजे स्त्रियांनी स्वतः लिहिलेल्या गोष्टींचा मोलाचा साठा. उपनगरी मुलीला संध्याकाळी सातनंतर घराबाहेर राहण्याचे कारण द्यावे लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या गटाची चिकाटी कळेल.

१८/
इथे पुन्हा रेल्वेकडे वळायला हवे. कल्याण मुंबईपासून ५० किलोमीटरहून अधिक दूर, टिटवाळा त्याच्याही पुढे. वाकोल्याला जायचे तर दादरला उतरून पश्चिम रेल्वेची गाडी धरायची. जाण्यायेण्यात साडेतीन-चार तास मोडतात. शहरातला कार्यक्रम रात्री नऊला रंगात येतो, तेव्हा कसारा मार्गावरच्या माणसाचे लक्ष घड्याळाकडे असते. मात्र हेच अंतर त्याचे संरक्षणही असते. टिटवाळ्याच्या आळीत, गणपतीच्या रांगेत, शाळेच्या फाटकाशी जो कुणाच्या तरी ओळखीचा असतो, तो दादरच्या पुलावर कुणाचाच नसतो. दूर असणे हा अडसर आणि आडोसा, दोन्ही. कार्यक्रम आखणाऱ्यांना हा पेच कधी पुरता सोडवता आलेला नाही : घराजवळ घ्यावा तर ओळखीचे भेटतील, दूर घ्यावा तर पोहोचता येणार नाही.

१९/
रस्त्यावर उतरण्याचा प्रयोग देशात आधी कोलकात्याने केला. २ जुलै १९९९ रोजी तिथे १५ जणांनी ‘मैत्रीची पदयात्रा’ काढली. मुंबईत ‘क्वीअर आझादी’ची पहिली अभिमान यात्रा निघाली १६ ऑगस्ट २००८ रोजी, ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत. तारीख आणि जागा दोन्ही विचारपूर्वक निवडलेल्या : स्वातंत्र्यदिनाचा दुसरा दिवस, आणि १९४२ च्या ‘छोडो भारत’ ठरावाचे मैदान. ३७७ हे ब्रिटिशांनी मागे ठेवलेले कलम आहे, ही गोष्ट भाषणाविना, नुसत्या मार्गावरून सांगितली गेली. मुंबईत घडलेल्या कथनमोहिमांत इतकी नेटकी मांडणी क्वचितच सापडेल.

२०/
पहिल्या वर्षांतल्या यात्रांत, दिल्लीत काय आणि मुंबईत काय, मुखवटे घातलेले चेहरे दिसत. टीकाकारांनी त्याची थट्टा केली : अभिमानाची यात्रा आणि तोंड झाकलेले! ती थट्टा उथळ होती. मुखवट्यामुळे ज्याला घरी परत जायचे आहे त्यालाही चालता आले. किती दिसायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, ही सोय त्या साध्या पुठ्ठ्यात होती. नंतर मुखवटे कमी होत गेले, कारण काही जणांच्या घरी परिस्थिती बदलली. सगळ्यांच्या नाही.

२१/
पुण्याने वेगळी वाट धरली. अमेरिकेतली संगणक क्षेत्रातली नोकरी सोडून परतलेले बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केला. त्यांचा भर मराठीवर होता. ‘पार्टनर’ ही कादंबरी, ‘इंद्रधनु’ हे समलैंगिकतेची ओळख करून देणारे पुस्तक, आणि समलिंगी व्यक्तींचे व त्यांच्या आप्तांचे अनुभव एकत्र करणारे ‘मनाचिये गुंती’. इंग्रजी न वाचणाऱ्या आई-वडिलांच्या हाती देता येईल असे पुस्तक तोवर दुर्मीळ होते. शब्दच नसतील तर आईला सांगायचे कशात? ‘गे’ म्हटले तर कळत नाही आणि उपलब्ध मराठी शब्द बहुतेक शिव्या. खिऱ्यांचे मोठे काम या भाषिक पोकळीत आहे.

२२/
पुण्याची पहिली अभिमान यात्रा ११ डिसेंबर २०११ रोजी निघाली. यात्रेत पोशाख साधा असावा, शहराला बिचकवू नये, अशी आयोजकांची भूमिका होती. तिच्यावर समुदायातूनच कडक टीका झाली. एक बाजू म्हणे, आधी समाजाशी संवाद, मग झगमगाट. दुसरी म्हणे, सभ्य दिसण्याच्या अटीवर मिळालेला मान हा मान नव्हे. साडी नेसलेल्या पुरुषाला वगळून कुणाचा अभिमान साजरा करायचा? वाद आजही मिटलेला नाही. त्यात दुसऱ्या बाजूचे पारडे जड वाटते, कारण नाच्याला मंचाखाली नाकारणारा न्याय तोच होता. पण ज्या आईने पहिल्यांदा ‘मनाचिये गुंती’ उघडले, तिच्यापर्यंत पोहोचण्याची चिंताही खोटी नव्हती.

२३/
आईपर्यंत पोहोचण्याचे सर्वांत प्रभावी साधन ठरले एक छोटे नाटक. ‘आविष्कार’शी जोडलेले नाटककार चेतन दातार यांनी ‘एक माधवबाग’ हे एकपात्री लिहिले. मुलाच्या डायरीतून आईला त्याचे समलिंगी असणे कळते, आणि मग तिचे मन जे-जे बोलते ते नाटक. दातार २००८ च्या ऑगस्टमध्ये, मुंबईची पहिली यात्रा निघण्याच्या दोन आठवडे आधी गेले. पुढे अभिनेत्री मोना आंबेगावकर यांनी या संहितेचे अनेक प्रयोग केले. त्याला नेपथ्य लागत नाही, मोठे नाट्यगृह लागत नाही. एक बाई, एक संहिता आणि बसायला सतरंजी पुरते.

२४/
या नाटकाची खुबी अशी की, प्रेक्षकातल्या मुलाला काहीच कबूल करावे लागत नाही. तो आईला नाटकाला घेऊन जातो, एवढेच. बोलते ती रंगमंचावरची आई. परतीच्या गाडीत शेजारी बसलेल्या दोघांत जे बोलणे व्हायचे ते होते, किंवा त्या दिवशी होत नाही. ‘मित्राची गोष्ट’ आणि ‘एक माधवबाग’ यांच्यातला फरक पाहण्यासारखा आहे : तिथे गोष्ट सांगणारा मेलेल्या मैत्रिणीची सांगतो, इथे मुलगा जिवंत आहे आणि आईला त्याच्यासोबत जगायचे आहे.

२५/
पुढच्या काही वर्षांत साधने भराभर वाढली. २०१० च्या एप्रिलमध्ये श्रीधर रंगायन यांनी ‘कशिश’ चित्रपट महोत्सव सुरू केला, तोही माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या रीतसर परवानगीने आणि व्यावसायिक चित्रपटगृहात. खाकी कागदातल्या मासिकाला त्यावेळी वीसच वर्षे झाली होती. ‘प्रोजेक्ट बोलो’ने समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींचे मौखिक इतिहास कॅमेऱ्यापुढे, चेहऱ्यानिशी नोंदवले. २०१५ मध्ये एका आईने आपल्या मुलासाठी वर हवा अशी जाहिरात ‘मिड-डे’मध्ये दिली. जातीचे बंधन नाही, पण अय्यर असल्यास प्राधान्य, अशी तिच्यात ओळ होती. त्या ओळीवर देशभर हशा पिकला आणि टीकाही झाली. जातीची मुळे प्रेमाच्या नव्या व्याख्येतही किती खोल राहतात, हे एवढ्या कमी शब्दांत क्वचितच कुणी दाखवले असेल. २०१७ मध्ये ‘स्वीकार’ हा पालकांचा गट उभा राहिला. तिथे पालकच पालकांशी बोलतात.

२६/
ठाण्याचा आवाज मात्र वेगळ्या दिशेने घुमला. लक्ष्मीनारायण त्रिपाठी या ठाण्यातच वाढल्या, भरतनाट्यम शिकल्या, हिजडा झाल्या आणि तरीही आई-वडिलांचे घर त्यांनी सोडले नाही. परंपरेने हे दुर्मीळ. ‘अस्तित्व’ ही त्यांची संस्था ठाण्यातली. २०१२ मध्ये आलेल्या ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ या आत्मकथनाचे शब्दांकन वैशाली रोडे यांनी केले. ज्या शब्दाने लोक हाक मारून हसत, तो शब्द शीर्षकात ‘मी’ला जोडून आला. मराठी आत्मकथनाची परंपरा दलित लेखकांनी याच रीतीने घडवली होती : अपमानाचे नाव स्वतः उच्चारून.

२७/
१५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. मोहरेची सनद गेल्यानंतर दीडेक शतकाने कागदावर पुन्हा नाव आले. त्याआधी चारच महिने, ११ डिसेंबर २०१३ रोजी, त्याच न्यायालयाने ३७७ कायम ठेवले होते. ते ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञानांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते रद्द झाले. निकालांच्या तारखा पाठ असतात. मनाच्या आरोग्याशी निगडित तारीख कुणाला आठवत नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने समलिंगी व्यक्तीला ‘बरे’ करण्याचे उपचार हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. लग्न लावून दिले की सुधारेल, औषध दिले की जाईल, या समजापायी उद्ध्वस्त झालेल्या आयुष्यांच्या दृष्टीने ही तारीख फार उशिराची आहे.

२८/
डोंबिवलीचे दिग्दर्शक रवी जाधव यांच्या कामात या इतिहासाचे तीन टप्पे योगायोगाने एकत्र आले आहेत. २०१० च्या पहिल्या दिवशी आलेल्या ‘नटरंग’मध्ये, आनंद यादवांच्या कादंबरीतला पहिलवान गुणा कलेसाठी नाच्या होतो आणि त्याची किंमत मोजतो. २०१५ च्या ‘बायोस्कोप’मध्ये त्यांनी तेंडुलकरांची ‘मित्रा’ही कथा पडद्यावर आणली, त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि २०२३ मध्ये ‘ताली’, गौरी सावंत यांच्या आयुष्यावरची मालिका. नाच्या, मित्रा, गौरी. पहिल्या दोन लेखकांच्या कल्पनेतल्या. तिसरी ‘सखी चार चौघी’ ही संस्था चालवणारी, मालिकेबद्दल स्वतः मुलाखती देणारी जिवंत व्यक्ती. गौरी आणि त्यांनी वाढवलेली मुलगी यांच्यावर २०१७ मध्ये आलेली ‘विक्स’ची जाहिरात लाखोंनी पाहिली, डोळे पुसले. त्याच प्रेक्षकांपैकी किती जण तृतीयपंथी भाडेकरूला खोली देतील, हा प्रश्न जाहिरातीच्या कक्षेत येत नाही. शहाड-आंबिवलीच्या चाळींत तो रोज येतो.

२९/
आता २०२० चा माघ. मुंबईच्या अभिमान यात्रेला त्या वर्षी ऑगस्ट क्रांती मैदानातून निघायची परवानगी पोलिसांनी नाकारली. १ फेब्रुवारीला आझाद मैदानात जागच्या जागी सभा झाली. तिथल्या काही घोषणांवरून पुढे गुन्हेही दाखल झाले. चालायला निघालेली माणसे कुंपणाच्या आत उभी राहिली. महिन्या-दीड महिन्यात टाळेबंदी आली आणि सभा, बैठका, नाटके सारे पडद्यावर गेले. दोन खोल्यांच्या घरात, जिथे आई भिंतीपलीकडे आणि भाऊ शेजारी, तिथे कानात यंत्र घालून ‘मी’ म्हणणे लोकलच्या गर्दीत म्हणण्यापेक्षा अवघड होते. उपनगरातल्या कित्येकांनी कॅमेरा बंद ठेवला आणि नुसते ऐकले. वाकोल्याच्या शुक्रवारीही तशी मुभा होती.

३०/
त्या वर्षीची माघी पौर्णिमा ९ फेब्रुवारीची, आझाद मैदानातल्या सभेनंतर आठ दिवसांनी. मलंगगडाच्या उरुसाला दरवर्षी पोलिसांचा बंदोबस्त असतो, तो वाटा मोकळ्या ठेवण्यासाठी. पायथ्याशी दुकाने लागतात, कल्याणहून जादा गाड्या सुटतात, आणि हिजड्यांचे जथे पायऱ्या चढून जातात. तिथे जायला त्यांनी कधी कुणाकडे अर्ज केलेला नाही.